चौथी कथा

"तोलोमुश बायके, शनिवारी तुम्ही 'मुकी तार' वाचायची," वाचनालयातली चोल्पोन फोनवर म्हणाली. थोरल्या माणसाला बायके म्हणायची तिथं रीत होती. "दुसरं काही वाचायला घेतलंत तर मी मधेच दिवे घालवीन, आधीच सांगून ठेवते. काल वाचनालय बंद करता करता वाचली आणि तशीच बसून राहिले. रखवालदार येऊन विचारायला लागला, बाई, घरी कुणी वारलं का?"

"बरं बरं," तोलोमुश म्हणाला. "तू म्हणतेस तर तीच."

फोन ठेवला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की 'मुकी तार' नावाची कथा आपण लिहिलेलीच नाही.

आधी त्याला हसूच आलं. चोल्पोनचा घोटाळा झाला असणार. वाचनालयात तिनं मोठं टेबल मांडलं होतं, वर कापडी फलक लावला होता, 'आपल्या शहराचे लेखक, यंदाची पुस्तकं', आणि त्या टेबलावर काय नव्हतं? मेरिमची खुनाची कादंबरी होती, सागिनबायचं शिकारी कुत्र्यांवरचं पुस्तक होतं, एका दुंगान जमातीच्या बाईचं शेवयांचं आणि लोणच्यांचं होतं, बालवाडीतल्या मास्तरणीची बडबडगीतं होती. इतकं सगळं एका आठवड्यात वाचल्यावर कुणाची कथा कुणाच्या नावावर जाईल याचा काय नेम? तो उठला, कपाटावरून आपलं पुस्तक घेतलं. त्याला अजून शाईचा वास होता. उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून डॉक्टरांनी वाचनाला बंदी घातली होती, ती नुकतीच उठली होती. आणि खरं सांगायचं तर आपलं छापलेलं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचा त्याला धीरच होत नव्हता. मुखपृष्ठ पाहायचं, हात फिरवायचा, परत ठेवायचं, एवढंच चाललं होतं. त्यानं अनुक्रमणिका उघडली. पहिली कथा त्याची, दुसरी त्याची, तिसरी त्याची. चौथी, 'मुकी तार'.

तो खुर्चीत बसला. स्वयंपाकघरात त्याची बायको बुरुल कणीक मळत होती, तिच्या तळव्यांचे थपथप आवाज येत होते. खिडकीबाहेर कोळशाच्या धुरानं दक्षिणेकडचे डोंगर पुसून टाकले होते. त्यानं चष्मा लावला आणि वाचू लागला.

कथा लहानशीच होती. घाटाखालच्या वस्तीत एक बाई राहते. तिचा नवरा वर घाटावर, हिमकडे कोसळतात तिथल्या चौकीवर नोकरीला. रोज संध्याकाळी तो खाली फोन करतो, आणि ते यंत्र तिच्याच खोलीत बसवलेलं असतं. मग वादळ येतं, खांब पडतात, तार मुकी होते. तरी बाई रोज त्याच वेळी रिसीव्हर उचलते आणि दिवसभराचं सगळं सांगते. गाय व्याली. दूध उतू गेलं. पोरगी कपाटाला धरून आपणहून उभी राहिली. शेजारणीनं नेलेली परात अजून परत दिली नाही. मग हळूहळू ती असं काही बोलू लागते, जे तार चालू असताना कधीच बोलली नसती. तिला इथलं आभाळ आवडत नाही. ती त्याचा कोट अंगावर घेऊन निजते. तो मेला असला तर आपण कुठं जायचं याचा तिनं विचार करून ठेवलाय, आणि त्या विचाराची तिला लाज वाटते. मग एका संध्याकाळी यंत्र खणखणतं. नवऱ्याचा आवाज येतो, 'कशी आहेस?' आणि तिच्यापाशी सांगण्यासारखं काही उरलेलंच नसतं. 'ठीक आहे,' ती म्हणते. 'पोरगीही ठीक आहे.' तिथंच कथा संपत होती.

त्यानं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. कथा तिथंच होती. त्याच्या अंगावर काटा आला, पण कथेमुळं नव्हे. तो स्वतः त्या घाटावर उमेदीची सगळी वर्षं राहिला होता. बर्फावर नजर ठेवायची, रस्ता बंद करायचा, तोफ डागून कडे पाडायचे, हे त्याचं काम होतं. ते वादळ खरं होतं. खांब पडले होते तेही खरं. तार जोडल्यावर त्यानं बधिर बोटांनी यंत्राचा दांडा फिरवला होता, आणि खालून बुरुलचा आवाज आला होता, 'ठीक आहे. पोरगीही ठीक आहे.' एवढंच म्हणून ती थांबली होती. त्यानं आणखी काही येईल म्हणून वाट पाहिली होती. तारेत नुसती वाऱ्याची घरघर. मग त्यानंच फोन ठेवला. चौकीवरच्या सोबत्यानं विचारलं होतं, काय म्हणते रे बायको? आणि तो म्हणाला होता, सगळं ठीक आहे म्हणते. त्या 'ठीक आहे'चा सल त्याच्या मनात राहून गेला होता. इतके दिवस आपण मेलो की जगलो ठाऊक नसताना या बाईला विचारण्यासारखं काहीच नव्हतं? त्यानं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कथेत तर नाहीच नाही. आणि जी गोष्ट आपल्यावाचून कुणालाच माहीत नाही, ती आपल्याच पुस्तकात छापून आली असेल, तर ती लिहिणारा दुसरा कोण असणार? आपणच. आपण ही कथा कधीतरी बसून लिहिली, कागद बुरुलकडे टाइप करायला दिले, आणि मग ती कथा, ते लिहिणं, तो दिवस, सगळंच डोक्यातून निघून गेलं.

वाक्यं त्याच्यासारखी होती आणि नव्हती. त्याच्या वाक्यांत नेहमी बर्फ असायचा. इथं परात होती, दूध होतं. ही कथा त्याच्या बाकी सगळ्या कथांपेक्षा चांगली होती, आणि ते जाणवून त्याला जास्तच भीती वाटली.

कासीमचंही असंच सुरू झालं होतं. कासीम त्याचा थोरला भाऊ. आधी तो चांगला बोलायला लागला होता. उभ्या जन्मात ज्यानं दोन वाक्यं जोडून म्हटली नव्हती, तो माणूस बालपणीच्या कुरणांबद्दल असा बोलायचा की बायका पदर डोळ्याला लावायच्या. आणि मग एक दिवस पाव आणायला म्हणून गेला तो बसच्या शेवटच्या थांब्यावर सापडला, बाकावर नीट बसलेला, टोपी मांडीवर. तोलोमुश आणायला गेला तर त्यानं अदबीनं विचारलं होतं, "बाळ, तू कुणाचा?" तोलोमुशनं वडिलांचं नाव सांगितलं. "अरे वा," कासीम म्हणाला होता, "चांगला माणूस. मी ओळखतो त्यांना."

"अहो, जेवायला येताय ना?" बुरुलनं आतून हाक मारली.

तो गेला. तिनं पानात मांटी वाढले, मांस भरून मोदकासारखे उकडलेले, वर दही घातलं. तो तिच्या हातांकडं बघत राहिला. विचारावं का? 'बुरुल, ही चौथी कथा मी कधी दिली तुला?' इतकं सोपं होतं. पण विचारलं की संपलं. विचारल्याबरोबर ती चमचा खाली ठेवील, त्याच्याकडं पाहील, आणि त्या क्षणापासून घरात एक आजारी माणूस असेल. कासीमच्या बायकोनं शेवटी शेवटी दाराला बाहेरून कडी घालायला सुरुवात केली होती.

"चोल्पोनचा फोन होता," तो म्हणाला. "'मुकी तार' वाच म्हणते."

बुरुलचा हात दह्याच्या भांड्यावर थांबला. "मग?"

"मग काय, वाचीन."

"वाचा," ती म्हणाली, आणि उगाचच पुन्हा दही वाढलं. तिचे कान लाल झाले होते. चुलीच्या धगीनं असेल, असं त्याला वाटलं.

पुढचे दिवस त्यानं स्वतःवर पाळत ठेवून काढले. सकाळी ओकच्या रांगेतून फिरायला जाताना तो स्वतःची परीक्षा घ्यायचा. सात पिढ्यांची नावं, जी पोराला बोलता यायला लागलं की पाठ करून घेतात, ती त्यानं म्हणून पाहिली. सगळी आली. मग शंका आली, की पाचवं आणि सहावं उलट तर नाही झालं? तो रस्त्यात उभा राहून पुन्हा म्हणू लागला, तसं एक बाई मुलाला घेऊन लांबून वळसा घालून गेली. चौकीवरच्या सोबत्यांची नावं आठवली, कुत्र्याचंसुद्धा. लेकीच्या लग्नातला आहेर आठवला. जुनं सगळं जागच्या जागी होतं, आणि हेच तर वाईट होतं, कारण कासीमचंही जुनं सगळं जागच्या जागी होतं. मग अलीकडचं? उन्हाळा? उन्हाळा म्हणजे इस्पितळ, औषधाचा वास, डोळ्यांवरची पट्टी आणि त्या काळोखात इकडून तिकडं जाणारे आवाज. बुरुल उशाशी बसून मुद्रितं वाचून दाखवायची, तो स्वल्पविराम सुधारायचा. एवढं आठवत होतं. पण त्या काळोखात तो हात फिरवू लागला की मधेच भिंत संपून नुसती पोकळी लागायची, आणि तो घाईघाईनं हात मागं घ्यायचा. घरी येताना आर्यकाच्या काठाशी, म्हणजे रस्त्याकडेनं डोंगराचं पाणी खेळवतात त्या पाटाशी, तो थांबायचा. पाटात नुसती पानं साचलेली असायची. आपली इमारत समोर दिसत असूनही, क्षणभर, फक्त क्षणभर, तो तिच्याकडं अनोळखी माणसासारखा बघून घ्यायचा, खरंच अनोळखी वाटते का ते पाहायला. आणि तसं पाहिलं की कुठलीही इमारत अनोळखीच वाटते.

त्यातून दुसरी एक भीती निघाली. समजा ही कथा आपण लिहिलीच नसेल, कुठं तरी ऐकून, वाचून आपली म्हणून उतरवली असेल तर? शनिवारी सभागृहात कुणी तरी उठेल आणि म्हणेल, बायके, ही तर माझी. आणि आपल्याला नाही म्हणता येणार नाही. तो दोन भीतींच्या मधे उभा राहून ठरवू लागला, की आपण चोर असलेलं बरं की कासीम झालेलं. आणि त्याला आढळलं, की चोर असणं चालेल. चोर असण्याला तो आनंदानं तयार होता.

शनिवारी दुपारी वाचनालय माणसांनी भरलं. दुंगान बाईनं लोणच्याची बरणीच आणली होती, तिच्याभोवती सर्वांत जास्त गर्दी होती. सागिनबाय एका म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन आला होता आणि चोल्पोन त्याच्याशी दारातच भांडत होती.

"बायके, कुत्र्याला आत आणता येणार नाही."

"पुस्तक त्याच्यावर आहे. लेखकाला आत घेता आणि ज्याच्यावर लिहिलं त्याला बाहेर ठेवता? हा कुठला न्याय?"

"मग मेरिमनं काय करायचं? तिच्या पुस्तकात चार खुनी आहेत."

लोक हसले. मेरिम तोलोमुशच्या शेजारी बसली होती, नखं कुरतडत. "मला उलटी होईल असं वाटतंय," ती कुजबुजली. "बायके, तुम्हाला नाही का हो भीती वाटत?"

"वाटते," तोलोमुश म्हणाला.

"खोटं. तुम्ही हिमकड्यांवर तोफा डागल्यात."

 हिमकडा कोसळायच्या आधी घशात येते ती चव आता त्याच्या तोंडात होती, जुन्या नाण्यासारखी. बडबडगीतं झाली, शेवया झाल्या, मेरिमचा पहिला खून झाला आणि टाळ्या पडल्या. मग चोल्पोननं त्याचं नाव घेतलं, आणि तो आपल्या पायांवर चालत टेबलापर्यंत गेला, हेसुद्धा त्याला मोठं वाटलं.

तो वाचू लागला.  गाय व्याली. दूध उतू गेलं. सभागृह शांत झालं. खुर्ची करकरली तरी लोक वळून पाहत होते. परातीपाशी त्यानं श्वास घ्यायला मान वर केली. तिसऱ्या रांगेत बुरुल बसली होती, लोकरी रुमाल बांधून, हात मांडीवर घट्ट धरून. ती त्याच्याकडं पाहत नव्हती. खाली मान घालून बसली होती, आणि तिचे ओठ हलत होते. तोलोमुशनं पुढचं वाक्य वाचलं नाही. मुद्दाम थांबला. सगळी माणसं वाट पाहत होती, आणि बुरुलचे ओठ आवाज न करता पुढं गेले, त्यानं न वाचलेल्या वाक्यावरून, शेजारणीनं न दिलेल्या परातीवरून, थेट आभाळापर्यंत.

त्याला आधी काही कळलंच नाही, आणि मग एकदम सगळं कळलं. फोनच्या तारेला दुसरं टोक असतं, आणि त्या टोकाला एक माणूस असतं. ज्या गोष्टीचा आपल्यावाचून साक्षीदार नाही असं तो इतकी वर्षं धरून चालला होता, तिची साक्षीदार त्याच्या घरात कणीक मळत होती. त्याच्या छातीतून काहीतरी सुटलं, इतक्या जोरात, की तो हसला. भर वाचनात मोठ्यानं हसला. चोल्पोन घाबरून अर्धवट उठली.

"मंडळी," तो म्हणाला, "ही कथा माझी नाही. मला अशी लिहिता येत नाही. ही माझ्या बायकोची आहे. ती बघा तिथं बसलीय, तिला तोंडपाठ आहे. तिलाच वाचू द्या."

मग जो गोंधळ झाला तो त्याला नीट दिसलाही नाही, कारण त्याचे डोळे भरून आले होते. टाळ्या, शिट्ट्या, बाहेर बांधलेल्या कुत्र्याचं भुंकणं. मेरिम आणि चोल्पोननं दोन्ही बाजूंनी धरून बुरुलला पुढं आणलं. "एजे, वाचा ना, एजे," मेरिम थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणत होती. बुरुलनं वाचलं नाही. तिनं पुस्तक छातीशी धरलं आणि न बघता उरलेली कथा म्हणून दाखवली, भाजी कशी केली ते सांगावं तशा साध्या आवाजात. मागच्या रांगेत कुणीतरी स्फुंदत होतं. तोलोमुश भिंतीला टेकून उभा होता. डोकं शाबूत आहे. मी कासीम नाही. मी लिहिलीच नव्हती, म्हणून मला आठवत नव्हती. यापेक्षा सुंदर काय असतं?

परतताना अंधारून आलं होतं. थंडी पडली होती, रस्त्यावर धुराचा आणि भाजलेल्या मांसाचा वास होता. तो भराभर चालत होता, बोलत होता. "काय पण बाई आहेस! चाळीस वर्षांत कळू दिलं नाहीस. आणि गुपचूप माझ्या पुस्तकात घुसवून दिलीस? अगं, मी आठवडाभर मेलो होतो! मला वाटलं, मीच लिहिली आणि विसरलो. कासीमसारखं झालं म्हणून…"

बुरुल समोर बघून चालत होती. ती रागावली आहे हे त्याला थांब्यापाशी आल्यावर कळलं.

"काय झालं?"

"कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं आपलं," ती म्हणाली. "शब्द दिला होतात. आणि सगळ्यांसमोर उभं केलंत मला."

"कधी ठरलं?"

त्यानं ते सहज विचारलं, अजून हसत हसतच. बुरुलनं त्याच्याकडं पाहिलं. दुकानाच्या दिव्याचा पिवळा पट्टा तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता, आणि त्या अर्ध्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू निघून गेला. त्याच्या जागी जे आलं ते तोलोमुशनं कासीमच्या बायकोच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

"हां, हां," तो घाईनं म्हणाला. "ठरलं होतं. आठवलं. माझ्या तोंडून निघून गेलं गं."

"कुठं ठरलं होतं?"

"घरी. जेवताना."

"इस्पितळात," बुरुल म्हणाली. "तुमच्या डोळ्यांवर पट्टी होती. मी कथा वाचून दाखवली. तुम्ही म्हणालात, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचली. तुम्ही रडलात, पट्टी भिजली, नर्स मला ओरडली. मी म्हटलं, माझ्या नावानं नको, तुमच्यातच असू दे, कुणाला सांगू नका. तुम्ही माझा हात धरून शब्द दिलात."

तो त्या काळोखात पुन्हा हात घालून शोधू लागला. औषधाचा वास होता. गाडा ढकलल्याचा आवाज होता. बुरुलचा आवाजही होता, स्वल्पविराम, पूर्णविराम. पण हे नव्हतं. त्यानं खूप आत हात घातला. नव्हतं.

"तू कधी लिहिलीस?" त्यानं विचारलं, काहीतरी विचारायला हवं म्हणून.

"ऑपरेशनच्या आधी. वसंतात एकदा तुम्ही बाजारातून आलात आणि मला म्हणालात, बाई, घरात कुणी आहे का? लगेच हसलात. मला वाटलं, थट्टा केलीत. मग मी ती रात्र झोपले नाही. मग लिहायला बसले. म्हटलं, तुम्ही आहात तोवर तुम्हाला ऐकवावं."

म्हणजे ती वसंतापासून एकटीच घाबरत होती. तो बाकावर बसला. ती शेजारी बसली. त्यानं तिचा हात घेतला, आणि इतकी वर्षं आत राहिलेलं वाक्य शेवटी बाहेर आलं. 

"बुरुल, मला तेव्हा वाटलं होतं, तुला माझ्याशी बोलायचंच नव्हतं."

तिनं डोळे मिटले. "हेही म्हणाला होतात," ती म्हणाली. "अगदी असंच. हात धरून."

बस आली, दारं उघडली, कुणी चढलं नाही, दारं मिटली, बस गेली.  

"मग तू काय म्हणालीस?"

"मी?" बुरुलनं रुमालाचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. पहिल्यांदाच विचारल्यासारखा तिनं विचार केला. "मी म्हटलं, बोलायचंच होतं हो. दुसरं काही करायचंच नव्हतं मला."

त्यानं मान हलवली. पुढची बसही त्यांनी घेतली नाही. ते चालत निघाले, आणि तो वाटभर ते वाक्य मनातल्या मनात म्हणत राहिला. बोलायचंच होतं हो. तो प्रत्येक चौकात ते पुन्हा चाचपून पाहायचा, एखादा शब्द गळला तर नाही, 'हो' राहिलं का. दिव्याखाली एकजण ओळखीचं हसला, तर त्यानं त्याच्याकडं पाहिलं नाही, हातातलं सांडेल म्हणून. इमारतीच्या जिन्यात दिवा गेला होता. बुरुल पुढं चढत होती. दुसऱ्या मजल्यावर दम खाताना त्यानं ते वाक्य अगदी हळू, ओठांवर म्हणून पाहिलं.

होतं. अजून होतं.

वरच्या पायरीवर बुरुलची पावलं थांबली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. अंधारात मागं हात तेवढा केला.